धुरांड्याभोवतीची लोकर

दोन्या क्लोरिंदांच्या माळ्यावर लोकरीच्या एकोणचाळीस पिशव्या आहेत आणि त्यांतली सगळ्यात जवळची पिशवी चुलीच्या धुरांड्यापासून दीड हातावर आहे. गेले बारा दिवस हे दोन आकडे माझा पिच्छा सोडत नाहीत. फळ्यावर लिहिताना, माझ्या लेकीच्या, रायेनच्या वेण्या घालताना, बटाटे सोलताना मध्येच हात थांबतो आणि मी खिडकीशी जाते. आमच्या खिडकीतून खाडीपलीकडचं त्यांचं घर दिसतं. छपरातून धूर निघत नसला तर वाटतं, बाई पडल्या असतील. निघत असला तर वाटतं, एवढा का निघतोय.

त्या पिशव्या वर मी चढवल्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिणं सोपं जाईल.

दोन्या क्लोरिंदा वेनूमान एकाहत्तर वर्षांच्या आहेत; 'दोन्या' आम्ही मानाने लावतो. किंचाओ बेटावर जन्मल्या, इथेच राहिल्या. उंची माझ्या खांद्याला लागेल एवढी, हात मात्र पुरुषासारखे रुंद, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांना टकळी फिरवून फिरवून काचेसारखी गुळगुळीत कातडी आलेली. लोकर कातणं हा त्यांचा धंदा. एके काळी इथे घरोघरी टकळ्या होत्या. आता बाकीच्या बायका मासळीच्या कारखान्यात जातात, महिन्याचा पगार घेतात. दोन्या क्लोरिंदांना कोणी विचारलं की तुम्ही का नाही गेलात, तर म्हणतात, "तिथे येणाऱ्या माशाला डोकं नसतं. आत जाणाऱ्या बाईचंही बाहेरच काढून ठेवत असतील."

नवरा त्यांचा ऐन तारुण्यात अर्जेंटिनाला मेंढ्या कातरायला गेला. दरवर्षी जायचा, दरवर्षी यायचा. एका वर्षी तिकडेच दुसरं घर करून राहिला. हे त्या रडून सांगत नाहीत. "मेंढ्या कातरायला गेला आणि स्वतःच कातरला गेला," एवढंच म्हणतात, आणि टकळीला एक झटका देतात. मुलगा हेरिबेर्तो त्यांनी मोज्यांवर वाढवला. मोजे विणायचे, होडीतून कास्त्रोच्या बाजारात न्यायचे, येताना त्याची वही-पुस्तकं आणायची. आता तो पुंता आरेनासला असतो, गॅसच्या कामावर. चौथ्या मजल्यावर घर आहे. तिथे भिंतीच गरम असतात म्हणे.

मी इथे आले तेव्हा रायेन पोटात होती. वाल्दिव्हियाला रसायनशास्त्र शिकून शाळेत नोकरी मिळाली होती. रायेनचा बाप तेव्हाही उत्तरेला तांब्याच्या खाणीवर होता, आजही आहे: तीन आठवडे तिकडे, एक आठवडा इकडे. एकटीच होते. बाळासाठी स्वेटर विणायचा म्हणून आचाओच्या दुकानातून सात रंगांचे सात गुंडे घेऊन येत होते. बसमध्ये शेजारी बसलेल्या एका बाईने न विचारता माझ्या पिशवीत हात घातला.

"हे काय घेतलंस?"

"लोकर."

"ते मलाही दिसतंय. कशासाठी घेतलीस?"

"अजून ठरवलं नाही. रंग आवडले."

तिने एक गुंडा काढला, वरच्या ओठावर घासला, धागा दोन बोटांत ओढून पाहिला, वास घेतला आणि परत पिशवीत टाकला. "ओठाला विचारल्याशिवाय लोकर घेऊ नये, पोरी. आणि काय विणायचं ते ठाऊक नसताना तर मुळीच नाही. नुसत्या रंगाला भुलून लोकर घेणारी बाई नवराही तसाच घेते."

"घेतलाय," मी म्हणाले.

त्या इतक्या हसल्या की ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. आमची ओळख ही अशी झाली. रायेन जन्मल्यावर मी शाळेत जायचे तेव्हा ती त्यांच्याकडे असायची, लोकरीच्या टोपलीत झोपवलेली. तिचा पहिला शब्द 'आई' नव्हता, 'मे' होता. मेंढीचा.

तेव्हा दोन्या क्लोरिंदा लोकर अशी जपून घेत. एक पाटलोण शिवायला जेवढं कापड लागतं तेवढंच आणतो ना आपण, मग लोकर का जास्त आणायची, असा त्यांचा सरळ हिशेब. पण त्यांच्याकडची लोकर विकत घेतल्याने वाढलीच नाही. ती निम्म्याने वाढली.

आमच्याकडे लोकर निम्म्याने कातायला देतात. मेंढीवाला कातरलेली लोकर आणून देतो. कातणारी ती धुते, पिंजते, कातते, लड्या करते, आणि झालेल्या सुताचे दोन वाटे होतात. काटा कोणी लावत नाही. कातणारीने वाटे पाडायचे आणि मेंढीवाल्याने आधी उचलायचं, म्हणजे कोणाला कुरकुरायला जागा नको. पूर्वी ही लोकर पंधरा-वीस घरांत विभागली जायची. बाकीच्या बायका कारखान्यात गेल्या तशी सगळी लोकर एकाच दारात यायला लागली. चार मेंढ्या असलेला माणूसही गोणी पाठीवर टाकून त्यांच्याकडेच येतो. आणि त्या नाही म्हणत नाहीत.

"परत पाठवलेली लोकर मेंढीला कळते," असं त्यांचं म्हणणं. "पुढच्या वर्षी ती मुद्दाम काट्यात लोळते."

त्यांचा निम्मा वाटा घरात साठत गेला. बोटं आखडल्यामुळे विणणं कमी झालं होतं, कातणं मात्र चालूच. आधी पेटी भरली. मग पलंगाखालची जागा. मग पलंगाचाच अर्धा भाग. नवऱ्याची जुनी होडी अंगणातल्या शेडमध्ये पालथी पडली होती, ती सरळ करून तिच्यात लड्या भरल्या. एकदा मी बटाट्याच्या भाकऱ्या, मिल्काओ, भाजायला मदत करायला गेले आणि बटाट्यांच्या कणगीत हात घातला, तर हातात करड्या लोकरीचा गुंडा आला.

"दोन्या क्लोरिंदा, बटाटे कुठायत?"

"खाली. लोकरीच्या खाली ऊब असते त्यांना."

मग दोन वर्षांपूर्वीचा तो हिवाळा आला. सलग पाऊस, भिंती आतून ओल्या. सप्टेंबरात, आमचा हिवाळा सरताना, त्यांनी मोठी पेटी उघडली तेव्हा मी तिथेच होते. गडद तपकिरी लोकर, न रंगवलेली, त्यांनी सर्वांत बारीक कातलेली. वरच्या थराला बुरशी आणि खालच्याला कसर. त्या जमिनीवर बसल्या आणि एकेक लडी हातात घेऊन धागा ओढून पाहू लागल्या. प्रत्येक धागा तुटत होता. तेवीस लड्या त्यांनी अशा तपासल्या, एकही न वगळता. मग उठून सगळ्या बटाट्याच्या वाफ्यात पुरल्या. "यंदा बटाट्यांना स्वेटर," असं म्हणाल्या खऱ्या, पण पुढचे चार दिवस त्यांनी टकळीला हात लावला नाही. मी त्यांना रिकाम्या हातांनी बसलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

म्हणून मी मध्ये पडले. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याचं घर लावून द्यायची फार हौस असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कागदावर आराखडा काढला. सगळी लोकर बाहेर काढायची, उन्हात घालायची, रंगाप्रमाणे वेगळी करायची, आतलं दिसेल अशा प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायची, प्रत्येक पिशवीत डांबरगोळ्या टाकायच्या. आणि ठेवायची कुठे, तर माळ्यावर. स्वयंपाकघरातल्या लोखंडी चुलीचं धुरांडं माळ्यातून छपराबाहेर जातं. आख्ख्या घरात बारा महिने कोरडी असलेली तेवढीच एक जागा.

दोन्या क्लोरिंदा शिडीच्या खाली उभ्या राहून वर बघत होत्या. "तिथे? धुरांड्याशी?"

"जरा अंतर सोडून. तिथली हवा कोरडी असते."

"माझी आई माळ्यावर कांदेसुद्धा ठेवायची नाही."

"कांदे वेगळे. लोकर पेट घेत नाही."

"कोण म्हणतं?"

"विज्ञान म्हणतं."

मी त्यांच्याच टोपलीतला धागा घेतला, काडी पेटवली आणि ज्योतीत धरला. धागा आक्रसला, काळा मणी झाला, काडी बाजूला घेताच विझला. "बघा. आपोआप विझली."

त्यांनी वास घेतला. "विज्ञानाला जळक्या केसांचा वास येतो," म्हणाल्या. पण त्यांचे डोळे चमकले होते. त्या माझ्यावर विश्वास ठेवत होत्या. आठ दिवस आम्ही तिघी त्या कामात होतो. रायेन पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. तेव्हा एकवीस पिशव्या झाल्या. त्या हिवाळ्यात एका लडीलाही ओल लागली नाही. दोन्या क्लोरिंदा ते सगळ्या बेटाला सांगत सुटल्या. कोणी पाहुणा आला की काडी पेटवून धागा जाळून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "आमच्या मास्तरणीने शिकवलं. आग एकदाच येते रे बाबा, ओल रोज येते. रोजच्या शत्रूचा बंदोबस्त आधी."

मी ऐकायचे आणि मला बरं वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते.

खालचं घर रिकामं झालं आणि तिथूनच घोटाळा सुरू झाला. रिकामी जागा दोन्या क्लोरिंदांना सहन होईना. त्याच सुमारास कास्त्रोच्या एका दुकानदारणीने त्यांच्याकडे बाळांचे कपडे मागितले, यंत्रात धुता येतील असे. विणायला शेजारची मुलगी मिळाली. लोकर आणायला मी त्यांच्याबरोबर गेले. एक दुकान बंद होत होतं, माल स्वस्तात काढला होता. मी त्यांना लेबल वाचून दाखवलं: कृत्रिम धागा, यंत्रात धुवा, कसर लागत नाही.

"काय म्हणालीस?"

"यंत्रात धुवा."

"ते नाही. पुढचं."

"कसर लागत नाही."

त्यांनी गुंडा ओठाला लावलासुद्धा नाही. मी मात्र शहाणपणा करत राहिले. सांगितलं, "एका लॉटचा रंग दुसऱ्या लॉटशी जुळत नाही. लेबलवरचा नंबर बघा. घ्यायची तर काम पुरं होईल एवढी एकाच लॉटची घ्या." मला म्हणायचं होतं, मोजून घ्या. त्यांनी ऐकलं ते असं की, त्या नंबरची दुकानात आहे तेवढी सगळी घ्या, मागून मिळायची नाही. हिरव्या रंगाचे अकरा गठ्ठे घेतले, गठ्ठ्यात दहा-दहा गुंडे. बसमध्ये आणि फेरीबोटीवर निम्मे मी वाहिले. घरी आल्यावर ते कुठे ठेवायचे हा प्रश्नच नव्हता.

"याला कसर लागत नाही, मग वर कशाला?" मी विचारलं होतं.

"सगळी लोकर एका जागी. तुझाच कागद आहे."

मी हसून शिडी धरली. रसायनशास्त्र शिकलेली बाई, शिडी धरून उभी होते. डोक्यात एकदाही आलं नाही.

बारा दिवसांपूर्वी, मंगळवारी, सहावीला धाग्यांचा पाठ होता. मुलांना घरून धागे आणायला सांगितलं होतं. मेणबत्ती, चिमटा, पाण्याची थाळी. कापसाचा धागा कागदासारखा जळला. लोकर विझली. मग रायेनने आणलेला हिरवा धागा चिमट्यात धरला. तो विझला नाही. काळा धूर सोडत वितळला आणि त्याचा जळता थेंब थाळीच्या बाहेर, टेबलावर पडला. टेबलावरही तो जळत राहिला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"हा कुठून आणलास?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं.

"क्लोरिंदा आजीच्या माळ्यावरून. अजून खूप आहे, आई. उद्या मोठा आणू?"

उरलेला तास मी काय शिकवलं ते आठवत नाही. शाळा सुटल्याबरोबर खाडीला वळसा घालून तशीच त्यांच्याकडे गेले. त्या चुलीत तेपूचं लाकूड सारत होत्या. लाकूड ओलं होतं, टोकाला फेस येत होता.

"धुरांडं कधी साफ केलं होतं?" मी दारातूनच विचारलं.

"आधी बस तर. पाणी उकळलंय. माते घे."

"कधी केलं होतं, दोन्या क्लोरिंदा?"

"हेरिबेर्तो करायचा. दोरीला साखळी बांधून वरून सोडायचा. आता बटाट्याची सालं जाळते मी, काजळी झडते त्याने." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय झालं तुला? पीठ फासल्यासारखी दिसतेस."

हेरिबेर्तो पुंता आरेनासला जाऊन तीन हिवाळे झालेत.

मी टॉर्च घेऊन वर चढले. वर ऊब होती. एकोणचाळीस पिशव्या मोजल्या; सगळ्यात जवळची धुरांड्यापासून दीड हातावर होती. ज्या धुरांड्याच्या बाजूला होत्या त्यांचं प्लास्टिक सुरकुतलं होतं, म्हाताऱ्या माणसाच्या कातडीसारखं. एक पिशवी तर आकसून आतल्या गुंड्यांना चिकटली होती. हिरवी. डांबरगोळ्यांचा वास इतका उग्र की डोळ्यांना पाणी आलं, आणि मग आठवलं की त्या गोळ्याही पेट घेतात, आणि त्याही मीच टाकायला लावल्या. पत्र्याच्या धुरांड्याजवळ हात नेला आणि मागे घेतला. धुरांड्याच्या वर छपराचं वाळलेलं लाकूड, खाली वाळलेल्या फळ्या. हे घर पेटलं तर बादलीने विझणारं नाही. आणि शिडी एकच आहे, चुलीच्या मागे.

खाली आले तेव्हा माझा आवाज चढला होता. "इतकी घेतलीत कशाला? अकरा गठ्ठे! कोण विणणार आहे? तुम्हीच मला सांगायचात ना, कशासाठी घेतेस ते ठाऊक नसेल तर घेऊ नये?"

त्यांनी मातेचा पेला माझ्यापुढे सरकवला. "घरात कोणाला शिव्या द्यायच्या असतील तर हेरिबेर्तो देतो फोनवर. तू माते घे."

"ती हिरवी लोकर पेटते. आज वर्गात पाहिलं मी. सगळ्या पिशव्या खाली काढू या."

"आणि ठेवू कुठे? होडीत? पुन्हा बटाट्यांना स्वेटर?" त्यांनी टोपलीतला धागा उचलला, चुलीचं झाकण सरकवलं, निखाऱ्याला लावला. धागा आक्रसला आणि विझला. "बघ. विझली."

"ही मेंढीची आहे."

"वर मेंढीची जास्त आहे. मेंढीची लोकर त्या हिरवीला सांभाळून घेईल. चार शहाण्यांत एक वेडा खपतो." मग त्यांनी माझा दंड धरला, त्या रुंद हाताने, घट्ट. "आणि ऐक. हेरिबेर्तोला यातलं काही कळता कामा नये. गेल्या हिवाळ्यात पायरीवरून पडले तेव्हाच म्हणाला, आता एक गोष्ट जरी बिघडली तरी येऊन उचलून नेईन. चौथ्या मजल्यावर मी काय करू, लिफ्ट कातू? त्याला सांगितलंस तर माझं दार तुला बंद. पोरीला नाही, तुला."

मी कबूल केलं. धुरांड्याजवळच्या तीन पिशव्या खाली आणून पलंगावर ठेवल्या, बाकीच्या हातभर मागे सरकवल्या आणि घरी आले. त्या दिवसापासून रायेनला मी तिथे पाठवत नाही. सोमवारी म्हणाले सर्दी आहे, बुधवारी म्हणाले गणिताचा अभ्यास आहे. शुक्रवारी दोन्या क्लोरिंदांनी फोन केला. "पोरीला गणिताची सर्दी झाली म्हणे," एवढंच म्हणाल्या आणि ठेवून दिला.

आज दुपारी रायेन मला न विचारता गेली. तिचे मोजे आणायला. परत आली तेव्हा तिच्या केसांना धुराचा वास होता. मी रागावणार तेवढ्यात म्हणाली, "आई, पलंगावरच्या पिशव्या परत वर गेल्यात. मी बघितलं. आजी म्हणाली, पलंगावर गादीची ओल लागते त्यांना."

एकाहत्तराव्या वर्षी, एकट्या, शिडीवरून, तीन खेपा. पिशव्या मी मागे सरकवलेल्या जागी ठेवल्या नव्हत्या. रायेनने हात पसरून अंतर दाखवलं. पुन्हा तोच दीड हात.

आज उत्तरेचा वारा आहे. या वाऱ्यात चुली जोरात ओढतात. इथे कोणाचं धुरांडं आतून पेटलं की लांबून आवाज येतो, जहाजाच्या इंजिनासारखा. मी दोनदा अंगणात जाऊन ऐकलं. वाऱ्यामुळे काही कळत नाही.

बारा दिवस मी दोनच गोष्टींत हेलपाटे घालतेय. हेरिबेर्तोला सांगावं, तर तो चार दिवसांत येईल, आईला घेऊन जाईल, मेंढीवाले गोण्या घेऊन बंद दारापाशी येतील. बंबवाल्यांना सांगावं, तर ते उद्या सकाळी लाल गाडी घेऊन येतील, आख्खं बेट रस्त्यावर जमेल, धुरांडं दुरुस्त होईपर्यंत चूल बंद करायला सांगतील, आणि आमच्या हिवाळ्यात चूल बंद म्हणजे माणूस बंद. दोन्ही वाटा सारख्याच वाईट दिसतात म्हणून मी काहीच केलं नाही. आत्ता हे सगळं लिहून काढताना दिसलं की दोन्ही वाटांवर बोलणारा माणूस दुसराच कोणीतरी आहे. मी कुठेच नाही.

त्यांना मी काय सांगितलं? हिरवी लोकर वाईट आहे. तुम्ही फार घेतलीत. म्हणजे चूक लोकरीची आणि चूक त्यांची. माळ्यावर ठेवा म्हणणारी मी, लोकर पेटत नाही म्हणणारी मी, हे त्या घरात उभं राहून मी उच्चारलंच नाही. मग त्या तरी का ऐकतील? त्यांच्या हातात मीच दिलेला पुरावा आहे. तो खोटा नव्हता, अर्धा होता. तो परत घ्यायचा तर ज्याने दिला त्यानेच घ्यायला हवा. "आमच्या मास्तरणीने शिकवलं" म्हणून त्या बेटभर फिरल्या. "आमची मास्तरीण चुकली" हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगून पटणार नाही.

आणखी एक गोष्ट मी कुठेच बोलले नाही. त्या म्हणाल्या, ठेवू कुठे. माझ्या घरात मागची खोली आहे. शाळेने बांधलेलं घर, सिमेंटचं जोतं, विजेचा हीटर, ओल नाही. रायेन तिथे झोपते. अलीकडे तिला लोकरीच्या धुळीने कधीकधी धाप लागते, म्हणून मी त्या खोलीचं नाव काढलं नाही. रायेन माझ्या खोलीत झोपू शकते. एवढं साधं होतं.

मेंढीची लोकर माझ्याकडे, हिरवी शाळेच्या बाहेरच्या कोठीत, जिथे चूल नाही. धुरांड्यात साखळी मी सोडेन, मला छपरावर चढायची भीती वाटते तरी. हे सगळं सकाळचं. आत्ताचं एवढंच की त्यांनी आज चुलीत आणखी लाकूड घालू नये, धुरांड्याची झडप अर्धी लावावी आणि खालच्या खोलीत दाराजवळ झोपावं.

त्यांचा फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो, घरात दुसरीकडे रेंज येत नाही. इतक्या रात्री वाजला तर त्यांना वाटेल हेरिबेर्तोचं काहीतरी झालं. घाबरतील, काळोखात चाचपडत येतील, आणि माझा आवाज ऐकून आधी शिव्या घालतील. घालू देत. शिव्या संपल्या की मी म्हणेन, दोन्या क्लोरिंदा, माळ्याबद्दल मी चुकले होते, तुमची आई बरोबर होती.  त्यावर त्या काय म्हणतील ते मला ठाऊक नाही, आणि त्याची मला भीती वाटते आहे. पण त्यांनी फोन उचलला नाही तर काय, ही भीती त्याहून मोठी आहे.

त्यांचा नंबर मला पाठ आहे. लावते.